हिशोब मागताना घसा कुठे ठेवावा

कैरोत आले तेव्हा मी भलत्याच तोऱ्यात होते. हिशोब, हक्क, अक्कल, तारीख, साहेब... निम्मी अरबी तर आपण घरूनच घेऊन आलोय! क्लासच्या पहिल्याच दिवशी बाईंनी हॉटेलात बिल मागायला शिकवलं: "इल्-हिसाब, लौ समह्त." मी ऐटीत म्हणून दाखवलं. बाई म्हणाल्या, शब्द छान, पण दोन्ही ह चुकले.

आपला ह अलगद सुटतो. हा मात्र जिभेचं मूळ मागे रेटून, घसा आवळून काढायचा. झणझणीत मिसळीच्या पहिल्या घासानंतर निघतो ना 'हाः', साधारण तसा. त्याच जागी कंठातून आवाज दिला की होतं ऐन हे अरबी अक्षर. 'अक्कल' मुळात ऐनने सुरू होते; फारसीतून आपल्याकडे येईतो ऐन गळला आणि नुसता अ उरला. माझी अक्कल तर दोन महिने तशीच होती.

८व्या शतकात बसऱ्याच्या अल-खलील इब्न अहमदने अरबी शब्दकोश मांडला तो अलिफ या पहिल्या अक्षरापासून नव्हे, तर ज्या क्रमाने आवाज घशातून ओठांकडे येतात त्या क्रमाने. सर्वांत खोल म्हणून ऐन पहिला, कोशाचं नावही 'किताब अल-ऐन'. हे कळलं आणि एकदम माहेरचं कोणी भेटल्यासारखं झालं. क-च-ट-त-पसुद्धा तशीच आतून बाहेर येतात की! फक्त आपल्या क-च्या खाली यांचा आणखी एक मजला आहे.

मग 'जड' त. जीभ दातांशीच, पण मागचा भाग वर उचललेला, त्यामुळे शेजारचा स्वरही जाडसर होतो. हा इतका घोटला, इतका घोटला, की फळवाल्याकडे अंजीर मागायला गेले आणि एक किलो चिखल मागितला. दोन्ही 'तीन'च, अंजिराचा त हलका, चिखलाचा जड. त्याने मुकाट्याने अंजीर तोलले.

सगळ्यात छळलं ते क़ाफने. पडजिभेपाशी उमटणारा क. मी राहते तो भाग रोमन पाट्यांवर डोक्की, अरबीत मात्र क़ाफ. टॅक्सीवाल्याला मोठ्या अभिमानाने तो खोल क़ाफ ऐकवला. तो हसला. "दोs-इ," म्हणाला. कैरोकर बोलताना क़ाफ बहुतेकदा गिळतात, नुसता घशात अडकल्यासारखा झटका उरतो. कहवासुद्धा इथे 'अहवा' होतो.

शहराच्या नावात, अल-क़ाहिरात, तेवढा क़ाफ शाबूत आहे. पण बोलताना शहराला म्हणतात 'मस्र'.