जुन्या फॉन्टातली नावं

रविवार, रात्री

आज दिवसभर पायथॉन, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा, घेऊन बसलोय. ओळखीच्या एका साखर कारखान्यातनं सभासदांची जुनी यादी आलीय, कुठल्यातरी जुन्या फॉन्टात टाइप केलेली, तो फॉन्ट आता कुणाकडं नाही, उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. सोबत छापील प्रत आहे म्हणून बरं, त्यावरनं कुठल्या चिन्हाला कुठलं अक्षर ते लावत बसलोय. रिटायर झालो तरी असलं काम आलं की मला लई बरं वाटतं, कारण निम्मं आयुष्य याच्यातच गेलंय.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कॉम्प्युटरवर फौंड्र्यांची पगारपत्रकं केली, पण जीव रमला तो ऊस बिलात. सुरुवातीला कोबोल, ही प्रोग्रॅमची जुनी भाषा. काट्यावरच्या पावत्या, टनेज, सोसायटीची कपात सगळं घालून पंधरवड्याचं बिल निघायचं, पण नाव इंग्रजीत. एम ए एल आय म्हणजे माळी का माली, कागदावर कळायचंच नाही, ळ चा पत्ताच नाही. कागलकडचा एखादा म्हातारा ते बिल घेऊन गुरुजींकडं जायचा, स्वतःचंच नाव वाचून घ्यायला. मला ते फार लागायचं.

मग पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड आलं. ते पीसीत बसवायचं आणि विंडोजच्या आधीच्या त्याच डॉसवर, याद्या ठेवायच्या त्याच डीबेस प्रोग्रॅममधे सरळ मराठी टाइप करायचं! आत इस्की कोड, म्हणजे बाइटच्या वरच्या १२८ जागांत आपली लिपी, १९९१ ला त्याचं भारतीय स्टँडर्ड झालं. त्यातलं खरं शहाणपण हे की कोड अक्षराला दिला, आकाराला नाही. क एकच, तो अर्धा दाखवायचा का पूर्ण ते कार्ड बघून घ्यायचं, त्यामुळं नावांचं सॉर्टिंगपण बऱ्यापैकी लागायचं. ज्यांनी हे केलं त्यांना मी आजही मानतो.

विंडोज आल्यावर मात्र मधली वर्षं वाईट गेली. जो तो आपला फॉन्ट काढायला लागला, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले, एकाची फाइल दुसऱ्याला वाचता येईना. तिथं सगळं दिसतं तसं साठवायचं. शिर्के हे नाव घ्या, माझ्याकडच्या फाइलीत आधी वेलांटी, मग श, क, मात्रा आणि शेवटी रफार. युनिकोडमधे, म्हणजे आता सगळीकडं चालतो त्या कोडमधे, उच्चाराप्रमाणं, श, वेलांटी, र, हलन्त, क, मात्रा. म्हणजे नुसता तक्ता करून ह्याच्या जागी ते असं बदलून भागत नाही, प्रत्येक रफार उचलून मागं न्यावा लागतो आणि किती मागं ते जोडाक्षर बघून ठरतं. त्यात कुऱ्हाडे, बिऱ्हाडे असली नावं आली की र वेगळा, कोड ०९३१, नाहीतर रफार होऊन बसतो. आज दुपारी हे सगळं जमलं आणि पहिलं अख्खं पान बरोबर आलं, काय आनंद झाला सांगू.

मुलगा म्हणतो बाबा एआयला द्या की यादी. देऊन बघितली. कोड लिहायला एआय फार चांगलं आहे, रफारचं अर्धं काम मी त्याच्याशी बोलत बोलतच केलं, आणि या वयात असलं काही वापरायला मिळतंय याचं मला खरंच अप्रूप आहे. पण यादी सरळ दिली तर कमी ऐकिवातलं आडनाव ते गुपचूप बदलून ओळखीचं करून टाकतं, आणि हजारो नावांत ते शोधायचं कुणी? इथं शेअर्स, वारस यांचा प्रश्न असतो. म्हणून नावं माझ्या प्रोग्रॅममधनंच जाणार, आणि तक्त्यात न बसणारं चिन्ह आलं तर प्रोग्रॅम थांबून मला विचारणार.

झालं की कारखान्याला युनिकोडमधे साधी टेक्स्ट फाइल देणार, सोबत तक्ता आणि कोडपण. तालुक्यात असल्या याद्या अजून बऱ्याच पडून असणार, त्यांनाही लागेल.