दुसरा भाग

भाची नीटच्या तयारीला लातुरात आमच्याकडं असते. तिच्या जीवशास्त्राच्या गठ्ठ्याखाली 'कॅचिंग फायर' हे कादंबरीचं पुस्तक सापडलं. दुपारी कूलरसमोर आडवा झालो होतो, म्हणून उघडलं. "मामा, तो दुसरा भाग आहे. आधी पहिला वाचा ना." तिला काय सांगावं! आम्ही दुसऱ्या भागांवरच वाढलो.

गावच्या वाचनालयात पहिला भाग कुणीतरी नेलेलाच असायचा, बहुतेक बदली होऊन गेलेल्या मास्तरानं. दुसरा मात्र हक्काचा. खाकी कागदाचं कव्हर आणि दाभणानं ओवलेली शिवण इतकी घट्ट, की ओळीचं शेवटचं अक्षर वाचायला पुस्तक दोन्ही हातांनी फाकवावं लागे. समासात कुण्या महाभागानं पेन्सिलीनं लिहिलेलं, 'खून दिवाणजीने केला.' त्याचा मला कधी राग आला नाही. आणि कोण कुणाचा कोण, हे लग्नाच्या पंगतीत कळतं तसं हळूहळू कळतंच की.

सुझान कॉलिन्सच्या या मालिकेत बारा जिल्हे आणि त्यांच्या उरावर एक राजधानी. कोळशाच्या जिल्ह्यातली कॅटनिस पहिल्या भागात जीवघेणा खेळ जिंकलेली. आता तिला जिल्ह्याजिल्ह्यांतून मिरवतात. अकरावा जिल्हा शेतीचा, आणि पिकवणारेच उपाशी. राजधानीत मात्र मेजवानी. पोट भरलं की ओकारी काढायचं पेय, म्हणजे परत जेवायला मोकळे. इथं मी पुस्तक छातीवर पालथं घातलं.

आजी १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळे, रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे ज्वारी. पुढं सुबत्ता आली तरी कुणी ताटात भाकरीचा तुकडा टाकला की ती रागवायची नाही. नुसतं म्हणायची, "मिलो." पोरं गुपचूप तुकडा उचलायची.

भाचीला विचारलं, असली भयाण जगं तुम्हाला का आवडतात गं? ती प्रश्नपत्रिकेतून मान वर न करता म्हणाली, "मामा, मी लहान असताना आपल्याकडं पाणी रेल्वेनं आलं होतं ना?"

आलं होतं. एप्रिल २०१६, मिरजेहून, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम. कादंबरीत वाचलं असतं तर म्हणालो असतो, बाईनं जरा जास्तच ताणलं.

मला दुसरा भाग आवडतो तो यासाठीच. पहिल्यात धक्का असतो, तिसऱ्यात लढाई. मधल्यात जिंकूनसुद्धा काही सुटलेलं नसतं आणि माणसं संध्याकाळच्या चुलीचं बघत असतात.

शेवटी बेचिराख म्हणून सांगितलेला तेरावा जिल्हा जिवंत निघतो. दुष्काळात तेरावा म्हटल्यावर आपल्याला भलतंच आठवणार! तेवढ्यात बारावाच उद्ध्वस्त झाल्याची बातमी येते आणि पुस्तक संपतं. तिसरा भाग भाचीच्या मैत्रिणीकडं आहे, ती परभणीला गेलीय. येईल तेव्हा येईल.