एक ‘नाही’

मुलांच्या पोटगीचा हिशेब ठेवतो म्हटलं की लोकांना वाटतं, आमच्याकडची गुपितं म्हणजे पैशाचे आकडे. खरं तर तिथे सगळ्यात उघडी गोष्ट आकडाच. देणाऱ्याला तो पाठ असतो, घेणारीलाही, आणि वकिलांनी तो इतका उगाळलेला असतो की विचारू नका. जपायचं असतं ते आकड्याला चिकटून आलेलं: पैसे कुठल्या शाखेतून काढले, आई नोकरीला कुठे, मूल कुठल्या शाळेत. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. या टेबलावर चार वर्षं काढली होती.

सकाळी पहिलाच फोन एका वडिलांचा. बोलणं अदबीचं. प्रकरण क्रमांक, जन्मतारीख, शेवटचा हप्ता कधी भरला, सगळं न अडखळता सांगितलं. ओळख पटली. त्यांना वर्षभराच्या भरण्याचा उतारा हवा होता, आणि तो त्यांचा हक्कच होता. संध्याकाळपर्यंत पाठवतो म्हणालो. मग ते सहज म्हणाले, ‘मुलाच्या वाढदिवसाला पुस्तकं पाठवायचीत. पत्ता तो जुनाच आहे ना?’

‘नाही, तो...’ एवढं बोललो आणि थांबलो.

समोर स्क्रीनवर लाल पट्टी होती: पत्ता उघड करू नये. ‘ती माहिती देता येत नाही,’ असं घाईघाईने जोडलं. ‘ठीक आहे’ म्हणून त्यांनी फोन ठेवला. आवाजात काही फरक नव्हता. कदाचित खरंच पुस्तकंच पाठवायची असतील. पण तो अंदाज बांधणं माझं काम नव्हतं.

पत्ता मी सांगितला नव्हता, अशी मनाची समजूत घालत बसलो. घातली जाईना. एका शब्दात दोन गोष्टी गेल्या होत्या: मुलाची आई जुन्या जागी राहत नाही, आणि नवी जागा आम्हाला ठाऊक आहे.

मॅडमना सांगायला अर्धा तास लावला. त्या चिडल्या नाहीत, त्याने उलट जास्त ओशाळलो. म्हणाल्या, ‘हेगच्या कराराचं कलम 40 आठवतंय?’ देशोदेशी अडकलेली पोटगी वसूल करण्यासाठी 2007 मध्ये झालेला हा करार प्रशिक्षणात वाचला होता. कुणाच्या आरोग्याला, सुरक्षिततेला किंवा स्वातंत्र्याला धोका पोचू शकत असेल, तर माहिती उघड करू नये ‘किंवा तिला दुजोरा देऊ नये’, असं ते कलम. आमचं प्रकरण देशाबाहेरचं नव्हतं, पण लाल पट्टीचा अर्थ तोच. दुजोऱ्यावरून माझी नजर तेव्हा नुसती घसरून गेली होती.

‘आणि लाल पट्टी असलेल्यांनाच नकार देत असशील,’ त्या पुढे म्हणाल्या, ‘तर तुझा नकारच सगळं सांगतो. पत्त्याबद्दल सगळ्यांना एकच वाक्य. पट्टी असो, नसो.’ हे मात्र मला कधीच सुचलं नव्हतं.

दुपारी उतारा तयार केला. शाळेच्या खर्चातला अर्धा वाटा वडिलांकडे असल्याने आईने दिलेल्या पावत्या सोबत जोडायच्या होत्या. पत्ता, खाते क्रमांक, शाळेचं नाव, सगळ्यावर काळ्या पट्ट्या ओढल्या आणि मॅडमना दाखवायला नेलं. त्यांनी एका पट्टीवरून माउस फिरवला, कॉपी केलं, कोऱ्या पानावर चिकटवलं. शाळेचं नाव जसंच्या तसं उमटलं. पट्टी नुसती वर पांघरलेली होती, खालचा मजकूर जागचा हललाच नव्हता. तो मुळातूनच काढून टाकायला हवा होता. फाइलच्या नावातही शाळा होतीच, ते वेगळं.

तेही निस्तरलं. मग तिसरी पावती शेवटचं बघून घ्यावी म्हणून उघडली. रक्कम, तारीख, सही. खाली बारीक अक्षरात बसच्या शुल्काची एक ओळ: थांब्याचं नाव, आणि त्यापुढे 7.10.

पत्ता शोधून कुणी दारात उभं राहायची गरजच उरत नव्हती. मूल रोज सकाळी कुठे, किती वाजता उभं असतं, ते आम्हीच शिक्का मारून पाठवणार होतो. वडिलांना हिशेबासाठी लागत होती रक्कम आणि तारीख. मग अख्ख्या पावत्या का चाललो होतो पाठवायला? सवय, दुसरं काय. आणखी काळं करत बसण्यापेक्षा रक्कम आणि तारखांचा तक्ता केला आणि पावत्या बाहेर ठेवल्या. पावत्याच हव्यात असं ते म्हणाले असते, तर मजकूर नीट काढून टाकलेल्या प्रती द्यायच्या, असं मॅडमनी ठरवून ठेवलं. उतारा गेला, पोच आली, वाद झाला नाही.

सकाळचं मात्र राहिलंच होतं. घटनेची लेखी नोंद केली आणि फाइलमधल्या क्रमांकावर आईला फोन लावला. कार्यालयाचं नाव सांगितलं आणि सवयीने म्हणालो, ‘ताई, ओळख पटवायला जन्मतारीख सांगता का?’

पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, ‘तुम्ही तिथूनच बोलताय, हे मी कशावरून मानू? तुमच्या पत्रावर नंबर छापलाय. मी त्यावर करते. कुणाला विचारू?’

मी नाव सांगितलं. त्यांनी फोन कट केला.

पाच मिनिटांनी कार्यालयाच्या मुख्य क्रमांकावरून फोन माझ्या टेबलावर आला. ओळखीचे प्रश्न झाले, सगळी उत्तरं जुळली.

‘ताई,’ मी म्हणालो, ‘सकाळी माझ्या तोंडून एक शब्द गेलाय.’