आमची वाटचाल: ऑर्डरचा आकडा आणि ऑर्डरची मुदत

भोसरी एमआयडीसीत दोन व्हीएमसी मशिनींवर (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारी मशीन) आम्ही सुरुवात केली. गाड्यांचे अ‍ॅल्युमिनियमचे सुटे भाग करायचो, सगळं जॉबवर्क. भांडवल माझं, मेव्हण्याचं आणि बँकेतून निवृत्त झालेल्या मामांचं. तिघं दर तिमाहीला हिशेबाला बसतो.

ऑगस्ट २०२३ ची बैठक अजून डोळ्यांसमोर आहे. बीएसएनएलच्या ४जी-५जी जाळ्यासाठी टॉवरवरची रेडिओ उपकरणं पुरवायला टीसीएसनं तेजस नेटवर्क्स या टेलिकॉम उपकरणं बनवणाऱ्या देशी कंपनीला सुमारे ७,४९२ कोटींचं काम दिलं होतं, एक लाख ठिकाणांसाठी. नेमकी त्याच सुमारास दुसऱ्याच एका पुरवठादाराकडून आमच्याकडे अशा रेडिओच्या हाउसिंगची, म्हणजे बाहेरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याची, चौकशी आली होती. मेव्हणा तेजसच्या शेअरचा भाव बघूनच आला होता. "दाजी, चार मशिनी घेऊन टाका. देशी उपकरणांचे दिवस आलेत."

मामांनी बातमी पुन्हा वाचायला लावली. पुरवठा २०२३ आणि २०२४ मध्ये करायचा, असं त्यात स्पष्ट होतं. "अरे, मशीनचं कर्ज पाच वर्षांचं आणि काम दीड वर्षाचं. उरलेले हप्ते कशातून फेडणार?" मेव्हण्याचंही चूक नव्हतं. परदेशी कंपन्यांच्या बाजारात देशी रेडिओ एवढ्या संख्येनं बसणार, ही गोष्ट साधी नव्हे, आणि मला ती मनापासून मोठी वाटत होती. वाद रात्री साडेनऊपर्यंत चालला. शेवटी एकच मशीन घ्यायचं आणि टेलिकॉमचं काम उलाढालीच्या एक तृतीयांशावर जाऊ द्यायचं नाही, असं ठरलं.

खरी परीक्षा पुढे होती. टॉवरवरच्या रेडिओला पंखा नसतो, आतली सगळी उष्णता हाउसिंगवरच्या धातूच्या उभ्या पातळ पट्ट्यांमधून (फिन्समधून) बाहेर पडते. शिवाय पावसाचा थेंब आत जाता कामा नये, म्हणून गॅस्केट (झाकणाखालची रबरी पट्टी) बसते ती कड अगदी सपाट लागते. आमच्या पहिल्या लॉटमध्ये कड मशीन केली आणि कास्टिंगमधले (ओतीव भागातले) ब्लो होल, म्हणजे ओतताना हवा अडकून राहिलेली छिद्रं, उघडे पडले. लीक टेस्टला डबे पाण्यात बुडवले की बुडबुडे! कास्टिंगवाल्यानं कास्टिंग बदलून दिली, पण मशिनिंगचा खर्च आमच्याच अंगावर आला. त्यानंतर कास्टिंग आल्याआल्या तपासायची पद्धत लागली आणि लीक टेस्टचा बेंच आम्ही स्वतःच बांधला.

मामांचं बोट मुदतीवर का होतं, ते नंतर कळलं. तेजसची उलाढाल २०२३-२४ मध्ये २,४७१ कोटी होती, ती २०२४-२५ मध्ये ८,९२३ कोटींवर गेली. एप्रिल ते जून २०२५ या तिमाहीत ती २०२ कोटींवर आली आणि १९४ कोटींचा तोटा दिसला. कंपनी तीच होती, मोठ्या पुरवठ्याचा भर तेवढा ओसरला होता. त्याच सुमारास आमच्याकडचंही हाउसिंगचं काम निम्म्यावर आलं. हप्ता मात्र एकाच मशीनचा होता, तो गाड्यांच्या कामातून निघाला.

२७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुड्यात बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीचं उद्घाटन झालं. शॉपफ्लोअरवरच्या पोरांनी ते मोबाईलवर पाहिलं. आमचा डबा त्या जाळ्यात नव्हता, तरी रेडिओ आतून कसा असतो हे त्यांना ठाऊक होतं. सध्या त्या बेंचवर विजेवरच्या दुचाकींच्या कंट्रोलरची हाउसिंग तपासली जातात. चौथ्या मशीनचं कोटेशन मेव्हण्यानं मागवलंय, मामांनी अजून सही केलेली नाही.