मधली शंभर वर्षं

आपल्याकडे रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. सर्व्हेइंगच्या पहिल्या तासाला मी मुलांना बडोदा स्टेशनची ती पाटी बघून यायला सांगते. लेव्हलिंगचं, म्हणजे दोन जागांच्या उंचीतला फरक मोजण्याचं, सगळं काम अशाच एका ठरलेल्या उंचीच्या, म्हणजे बेंचमार्कच्या, भरवशावर चालतं. यंदा एका मुलीने विचारलं, ''मॅडम, बेंचमार्कच हलला तर?'' तासाभरात जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. बाकीचं इथे लिहिते.

बडोदेकरांच्या मनात भूकंप म्हणजे २६ जानेवारी २००१, सकाळी पावणेनऊ. दांडिया बाजारातले आमचे सगळे शेजारी त्या दिवशी रस्त्यावर उभे होते. त्या मिनिटभराच्या हादऱ्यामुळे भूकंप अचानक येतो आणि जातो, एवढंच डोक्यात बसतं. पृथ्वीचं कवच ज्या मोठमोठ्या तुकड्यांचं बनलेलं आहे, त्यांना प्लेट म्हणतात. भूजचा भूकंप प्लेटच्या पोटातला होता, त्याचा हिशेब वेगळा. पण जिथे समुद्राखालची एक प्लेट दुसरीच्या खाली सरकते, तिथे दोन मोठ्या भूकंपांच्या मधल्या काळातही जमीन सतत हलत असते, आणि ते मोजता येतं.

होतं असं. खालची प्लेट वर्षाला काही सेंटिमीटर वेगाने आत जात राहते, पण दोन्ही प्लेटा जिथे एकमेकींना टेकतात तो पट्टा घट्ट अडकलेला असतो. त्यामुळे वरच्या प्लेटची समुद्राकडची कड खालचीबरोबर ओढली जाते आणि दबते, तर मागचा भाग आक्रसतो आणि हळूहळू फुगून वर येतो. प्लॅस्टिकची पट्टी दोन्ही टोकांनी दाबली की मधे कमान येते, तसंच. अडकलेला पट्टा सुटला की सगळं उलटतं. कड समुद्राकडे झेपावून वर उचलली जाते (त्सुनामी तिथेच उठते) आणि मागची फुगलेली जमीन खचते. १९०६च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर हॅरी रीड यांनी जमिनीत साठणाऱ्या या ताणाचा सिद्धांत मांडला. त्यांच्यासमोर होती ती जमिनीच्या जुन्या-नव्या मोजणीतली तफावत. आमच्या धंद्याची ही कामगिरी मी दरवर्षी वर्गात अभिमानाने सांगते.

जपानच्या शिकोकू बेटावर मुरोतो नावाचं भूशिर आहे. १९४६च्या भूकंपात त्याचं टोक मीटरभर वर आलं. त्याआधीची कित्येक वर्षं आणि नंतरही ते वर्षाला काही मिलिमीटर खाली जात होतं. तिथल्या मुरोत्सू बंदरात जहाजं आत घ्यायची म्हणून पाण्याची खोली मोजत. १७०७च्या भूकंपाच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी टिकल्या, आणि त्यावरून जमीन किती उचलली गेली याचा अंदाज बांधता आला. या मोजमापाच्या नेमकेपणाबद्दल आज शंका घेतल्या जातात, आणि घ्यायलाच हव्यात. तरी जहाज टेकू नये एवढ्यासाठी केलेलं काम अडीचशे वर्षांनी शास्त्राच्या कामी आलं, याचं मला फार मोल वाटतं.

आता काकेगावाची गोष्ट. लेव्हल, म्हणजे उंची मोजायचं दुर्बिणीचं उपकरण, हाताळणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असावी असं मला वाटतं. आकित्सुने इमामुरा हे भूकंपशास्त्रज्ञ पुढचा मोठा भूकंप जपानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर येणार म्हणून वर्षानुवर्षं सांगत होते. ऐन युद्धात, १९४४च्या डिसेंबरमध्ये, त्यांच्या आग्रहावरून काकेगावा शहराजवळ लेव्हलिंग चालू होतं. लेव्हलिंगमध्ये त्याच रेषेवर जाऊन परत यायचं असतं. उपकरण समतल आहे हे दाखवणारा बबल (बुडबुडा) मधोमध आणायचा, मागच्या स्टाफचं, म्हणजे आकडे लिहिलेल्या उभ्या पट्टीचं, वाचन घ्यायचं, पुढच्या स्टाफचं घ्यायचं, की उपकरण उचलून पुढे. जातानाचं आणि येतानाचं उत्तर जुळलं पाहिजे. ७ डिसेंबरच्या सकाळी ते जुळेना, फरक मान्य मर्यादेपेक्षा जास्त. त्याच दुपारी दीडच्या सुमाराला भूकंप झाला.

ती चूक मोजणाऱ्यांची होती की जमीन खरोखर कलत होती, यावर अजून वाद आहे. मला विचाराल तर एकाच सकाळच्या आकड्यांवर एवढा भार टाकू नये. जपानने १९७८ साली कायदा करून त्या भागात भूकंपाचा इशारा देण्याची यंत्रणा उभारली, तिला या मोजणीचा मोठा आधार होता. २०१७ साली मात्र नेमकं भाकीत करता येईल हे गृहीतच सरकारने सोडून दिलं.

सुमात्राजवळच्या मेंतावाई बेटांवर हेच काम प्रवाळांनी करून ठेवलंय. पोराइट्स जातीचं प्रवाळ ओहोटीच्या पाण्यापर्यंतच वर वाढतं, त्यापुढे माथा मरतो आणि ते आडवं पसरतं. जमीन दबली की त्याला पुन्हा वर वाढायला जागा मिळते, उचलली गेली की वरचा भाग उघडा पडून मरतो. केरी सीह आणि डॅनी नातावीजाजा यांनी ही प्रवाळं कापून आतली वर्षागणिक वलयं मोजली आणि कितीतरी दशकांचं दबणं-उचलणं वाचून काढलं.

आपल्या देशात हे अंदमान-निकोबारला घडतं. माझा मामेभाऊ तेव्हा पोर्ट ब्लेअरला नोकरीला होता. २६ डिसेंबर २००४नंतर सिप्पीघाटच्या भाताच्या खाचरांत भरतीचं पाणी शिरलं आणि तिथेच राहिलं, असं तो फोनवर सांगायचा. आधी मला वाटलं, त्सुनामीचं पाणी साचलं असेल. पण तिथली जमीनच सुमारे मीटरभर खचली होती. निकोबारचं दक्षिण टोक असलेला इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खाली गेला, दीपगृहाचा पायथा पाण्यात आला. उलट उत्तर अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रवाळांचे कट्टे पाण्याबाहेर आले. त्यानंतर पोर्ट ब्लेअरची जमीन हळूहळू पुन्हा वर येऊ लागली.

अडचण अशी की अडकलेला पट्टा बहुतेक समुद्राखाली असतो आणि आपले जीपीएस जमिनीवर. जपानने म्हणूनच समुद्रतळावर ध्वनिसंकेत देणारी उपकरणं बसवली. २०११च्या भूकंपात तिथे किनाऱ्यावरचा ओशिका द्वीपकल्प पाचेक मीटर सरकला, तर समुद्रतळावरचं एक ठिकाण चोवीसेक मीटर. किनाऱ्यावर बसून हा फरक दिसला नसता. अंदमानच्या पश्चिमेच्या समुद्रतळावर असं मोजमाप वर्षानुवर्षं, खंड न पडता व्हावं, आणि त्या कामावर बडोद्यात शिकलेलं कुणी असावं, अशी माझी फार इच्छा आहे. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मी हे सांगितलंय, आणि सुट्टीत वाचायला त्सुनामीनंतरच्या मोजणीचे अहवालही दिलेत.