‘फेस येईपर्यंत घुसळा’: घरी मेक्सिकन चॉकलेट करण्याचा माझा अनुभव

मेक्सिकोतील वाहाका शहरात ‘वीस नोव्हेंबर’ नावाचा बाजार आहे. तेथील बाकावर बसून मी वाडग्यातले गरम चॉकलेट प्रथम प्यायले, तेव्हा मनात राहिला तो त्यावरचा बोटभर जाड फेस. ‘पान दे येमा’ हा अंड्याच्या बलकाचा गोडसर पाव त्यात बुडवून खातात. पाव बुडवून काढला तरी तो फेस मोडत नव्हता. जवळच मीना नावाच्या रस्त्यावर गिरण्या आहेत आणि तेथे कोको, साखर, बदाम व दालचिनी गिऱ्हाइकाला हवी तशी दळून देतात. तेथून आणलेल्या वड्या पुण्यात महिनाभरात संपल्या, तेव्हा हे पेय घरच्या साहित्यातून करण्याचे मी ठरवले.

साहित्याची अडचण आली नाही. दोघांसाठी 400 मिलिलिटर दूध, 70 टक्के कोको असलेले 60 ग्रॅम डार्क चॉकलेट, दोन इंच दालचिनी, एक ब्याडगी मिरची आणि चिमूटभर मीठ पुरते. दुधात दालचिनी आणि मिरची उकळायची, गाळायचे, चॉकलेट विरघळवायचे, इथपर्यंत सारे सरळ होते. अडले ते त्यापुढच्या एका वाक्यापाशी: ‘फेस येईपर्यंत घुसळा.’ मी वाचलेल्या जवळजवळ प्रत्येक कृतीत हे वाक्य होते. पण कशात घुसळायचे, कशाने, दूध किती गरम असताना, याविषयी एक शब्दही नव्हता. ज्या गोष्टीवर सारे पेय उभे आहे तीच तीन शब्दांत उरकणाऱ्यांचा मला अजूनही राग येतो, कारण त्या तीन शब्दांनी माझ्या नऊ संध्याकाळी घेतल्या.

पहिल्या तीन संध्याकाळी मी पसरट पातेल्यात, गॅस चालू ठेवूनच, तारेच्या फेटणीने घुसळत राहिले. ओटाभर शिंतोडे उडाले, दूध उतू गेले आणि फेस मात्र कडेला बोटाच्या पेराएवढाही जमला नाही. मग मिक्सर वापरला. त्यात फेस भरपूर आला, पण त्याचे बुडबुडे मोठे होते. कपात ओतून टेबलापर्यंत नेईपर्यंत ते फुटून गेले आणि खाली तेच पातळ दूध उरले. एकदा घाई म्हणून दालचिनीची पूड घातली, तर सगळे पेय बुळबुळीत झाले. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारी जाड, कडक साल बहुधा कॅशिया या दालचिनीच्या भाऊबंद झाडाची असते आणि तिची पूड गरम द्रवात चिकट होते. मेक्सिकोत वापरतात ती ‘कनेला’ म्हणजे पातळ पापुद्र्यांची, बोटांनी चुरडता येणारी सिलोन दालचिनी. ती मिळाली तर उत्तमच. न मिळाल्यास जाड सालीचा अख्खा तुकडा घालून काढून घ्यावा, पूड कधीही घालू नये.

वाट सापडली ती या पेयाच्या इतिहासात. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी तेथील लोक हे पेय एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतून फेस आणत. ‘मोलिनियो’ हा घुसळण्याचा लाकडी दांडा स्पॅनिश काळात रूढ झाला. तो दोन्ही तळव्यांमध्ये धरून फिरवतात, हे वाचताच आमच्या ताकाच्या लहान रवीची आठवण झाली. फरक इतकाच, की मोलिनियोच्या दांड्यावर सैल कडी असतात, आणि फिरताना ती हवा आत ओढतात. रवीला कडी नसल्यामुळे ती तळाशी बुडवून फिरवली तर दूध नुसते गरगरते. म्हणून नवव्या संध्याकाळी मी उंच, अरुंद तोंडाचा तांब्या घेतला, तो एक तृतीयांशच भरला, किंचित तिरका धरला आणि रवीचे बोंड अर्धे दुधात, अर्धे वर ठेवून ती तळव्यांत वेगाने फिरवली. आधी गॅस बंद करून तीन-चार मिनिटे थांबले होते. दोन मिनिटांत तपकिरी, बारीक, दाट फेस तांब्याच्या काठापर्यंत चढला, आणि त्या क्षणी झालेला आनंद मी विसरणार नाही. त्यानंतर दोनदा उंचावरून ओतून घेतल्यास फेस आणखी दाट होतो.

मिरचीबद्दल सांगायचे राहिले. वाहाकातल्या रोजच्या चॉकलेटमध्ये ती सहसा नसते. ती त्याहून जुन्या पेयांची खूण आहे, पण मला तिची मंद ऊब आवडते. ब्याडगी अख्खी, बिया काढून घालावी. तिखटपणा स्निग्ध पदार्थात उतरत असल्याने तो दुधात चांगला मुरतो. पाण्यात केलेले चॉकलेट, जे तेथे तितकेच आवडीने पितात, त्यात मी मिरची घालत नाही. जास्त गोडीसाठी तेथील ‘पिलोन्सियो’सारखा गूळ घालायचा असेल तर गॅस बंद केल्यावरच घालावा, नाहीतर दूध फाटते, माझे एकदा फाटले आहे.

आता घरात दोन रव्या आहेत. चॉकलेटची रवी ताकात घालू नये, कारण लाकडात मुरलेला दालचिनीचा वास कितीही धुतला तरी जात नाही.