आमची वाटचाल : डेक्स्ट्रोजच्या पोत्यातलं रामायण

न्यू जर्सीत एडिसनजवळ आमचं होमब्रूचं, म्हणजे घरच्या घरी बिअर बनवायच्या सामानाचं, दुकान आहे, 2011 पासून. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं), यीस्ट (साखर खाऊन दारू नि गॅस करणारं खमीर), कॅपर (बाटलीला झाकण लावायचं यंत्र) सगळं मिळतं, तयार बिअर मात्र एक थेंब विकत नाही. हे मुद्दाम लिहितोय कारण सांगलीकडची मंडळी अजून "दारूचं दुकान" म्हणतात. अहो, घरी बिअर बनवायला परवानगी देणाऱ्या 1978 सालच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष कार्टरसाहेबांची सही आहे, एकट्या माणसाला वर्षाला 100 गॅलन, घरात दोन मोठी माणसं असली तर 200, फक्त विकायची नाही. असो.

सुरुवातीला दुकानात मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती, माल्ट भरडायची दोन रोलरची मिल. रोलरमधली गॅप 0.039 इंच, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून रोज सकाळी बघायचो, अजूनही बघतो. माल्ट नीट फुटला नाही की मॅशमध्येच (माल्ट गरम पाण्यात भिजवताना) घोळ होतो आणि लोक बिचाऱ्या यीस्टला शिव्या घालतात.

पण आमचा धंदा जवळजवळ बसला तो मिलमुळे नाही, साखरेमुळे. बिअर बाटलीत भरताना थोडी साखर घालतात, यीस्ट ती खाऊन गॅस करतं, आणि त्यासाठी आम्ही डेक्स्ट्रोज (ग्लुकोज साखर) देतो. सप्लायरकडून डेक्स्ट्रोजचं पोतं आलं, नेहमीसारख्या 5 औंसाच्या पुड्या बांधल्या, 5 गॅलनला एक पुडी. महिनाभराने फोन सुरू झाले, बिअरला गॅसच नाही, झाकण उघडलं तर फुस्स पण होत नाही. तोवर निम्म्या गिऱ्हाइकांच्या बाटल्या भरून झालेल्या. हायवेपलीकडच्या दुकानदाराला तर पर्वणीच, तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा की यांच्याकडचं यीस्ट मेलेलं असतं. माझ्या फ्रिजमधलं यीस्ट! ज्याची तारीख मी स्वतः तपासतो! लोक किटं परत आणायला लागले, भाडं थकलं, बायको म्हणाली आता बंद करा नि नोकरी बघा.

गंमत म्हणजे सेझाँ (बेल्जियन धाटणीची बिअर) बनवणाऱ्यांची बिअर मस्त फसफसत होती, पुडी तीच. त्यामुळे माझं डोकंच चालेना.

आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, रिटायर्ड मशिनिस्ट, आमच्या घरी त्यांना आजोबाच म्हणतात. ते हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायचं साधन) घेऊन आले, पुडी फोडली, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिले. डेक्स्ट्रोज गोड लागतं, जिभेला जरा गार वाटतं. हे पिठासारखं टाळूला चिकटलं, गोडी नावाला. मग लिटरभर कोमट पाण्यात 100 ग्रॅम विरघळवलं, चिमूटभर न्यूट्रियंट (यीस्टचं पोषण) आणि साधं एल यीस्ट (नेहमीच्या बिअरचं) टाकलं, शेजारी दुसऱ्या दुकानातून आणलेल्या डेक्स्ट्रोजचं तसंच भांडं. आठवड्याने त्या दुसऱ्या भांड्याची ग्रॅव्हिटी (घनता, पाण्याची 1.000; साखर खाल्ली गेली की उतरते) 1.000 च्या खाली, आमचं जिथल्या तिथे. म्हणजे पोत्यात माल्टोडेक्स्ट्रिन, स्टार्चपासून केलेली लांब साखळ्यांची पावडर! साधं यीस्ट ते खातच नाही. सेझाँची बरीच यीस्टं डायस्टॅटिकस जातीची असतात, ती आधी डेक्स्ट्रिन (म्हणजे त्या लांब साखळ्या) तोडतात मग खातात, म्हणून तेवढेच वाचले.

पोत्यावर डेक्स्ट्रोजच छापलं होतं, लेबल अजून जपून ठेवलंय. दोन्ही पांढऱ्या पावडरी, मी काय एक्सरे काढायचा? सप्लायरने फक्त एका पोत्याचं क्रेडिट दिलं, सॉरी नाही काही नाही. आम्ही मात्र प्रत्येकाला नवं किट आणि बाटल्यांसाठी कार्बोनेशन ड्रॉप्स (बाटलीत टाकायच्या साखरेच्या गोळ्या) फुकट दिले. आजोबांनी स्वतः फोन करून होमब्रू क्लबातल्या लोकांना समजावलं, त्या फोनांवर दुकान तरलं असं मी मानतो. पलीकडच्याने काही शब्द मागे घेतले नाहीत, नंतर त्याचं दुकान बंद झालं, मी काही बोललो नाही.

पुढची वर्षं ठीक गेली. आता नवं पोतं आलं की आधी जीभ, मग हायड्रोमीटर, मगच पुड्या.

आणि ऐका, बाटलीत गॅस नाही म्हणून लगेच साखर घालत सुटू नका. खोली थंड असेल तर यीस्ट आळसावतं, बाटल्या उबेला ठेवा, दोन-तीन आठवडे थांबा. साखरच चुकली होती अशी खात्री असेल तरच 12 औंसाच्या बाटलीला एक ड्रॉप, पटकन झाकण. पण बिअर सेझाँ यीस्टची असेल तर त्याला हात लावू नका, ते डेक्स्ट्रिन सावकाश खाईलच, वर तुमचा ड्रॉप पडला की बाटल्या फुटतील. आणि सायडरमध्ये (सफरचंदाच्या दारूत) पोटॅशियम सॉर्बेट घातलं असेल तर ड्रॉप्सचे पैसे वाया घालवू नका, तिथे यीस्ट परत वाढत नाही. सरळ केगमध्ये (बाहेरून गॅस द्यायच्या टाकीत) भरा. केग आमच्याकडे आहेत.